भावजींचा काळा कोट

भाट्याच्या तरीवरचा नावाडी निरोप घेऊन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "दत्तूभाऊ गेले," एवढंच तो म्हणाला. माझे धाकटे दीर. मी सूप खाली ठेवलं आणि पहिला विचार आला तो असा... सुटले बिचारे! त्याची मला लाज वाटली, पण आज दीड महिन्यानंतरही तो खोटा वाटत नाही. खाडीपलीकडच्या घरात ते दहा-बारा वर्षं एकटे राहिले. कुणी कोंडलं नव्हतं, दाराला कडीही नसायची.

तरुणपणी भावजी वस्तू नाहीशा करत. जयगडच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने, गलबत चालवणाऱ्या माणसाने, त्यांना ही विद्या शिकवली आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द घेतला. मला मात्र सांगावं लागलं, कारण शिवण माझ्याकडे होतं. त्यांच्या काळ्या कोटाला आतून, डाव्या हाताला सहज लागेल असा रुंद तोंडाचा चोरखिसा मी शिवून दिला. सराव चालायचा स्वयंपाकघरात. "वहिनी, लोक माझा हात बघत नाहीत. मी जिकडे बघतो तिकडे बघतात," ते म्हणायचे. रिकामी उजवी मूठ समोर धरून तिच्याकडे असे कौतुकाने बघत, की आत काहीतरी आहेच असं वाटावं. तेवढ्यात डावा हात आपलं काम उरकून मोकळा. सगळं ठाऊक असून मी दर वेळी फसले. एकदा पुरणात किसायला घेतलेलं जायफळच गायब केलं आणि वर मलाच विचारलं, "लक्ष कुठं होतं?" असा द्वाड माणूस.

मग खोतांच्या घरची मुंज आली. सत्तावीस सालचा सुमार असेल. जेवणं उरकल्यावर मांडवात खेळ सुरू झाला. भावजींनी खोतीणकाकूंची अंगठी मागून घेतली, नाहीशी केली. ती तांदळाच्या सुपातून निघायची होती. सुपाकडे बघत त्यांनी डावा हात चोरखिशात घातला... आणि हात तिथंच राहिला. माजघराच्या दारातून ते मी एकटीनेच ओळखलं.

लोक हसत होते. "मेल्या, किती ताणशील? काढ बघू आता," काकू म्हणाल्या. भावजी म्हणाले, "काकू, खरंच हरवली हो." त्यावर आणखी मोठा हशा! कुणी आळ घेतला नाही, सगळे नुसते वाट बघत बसले, आणि तेच भयंकर होतं. हसू हळूहळू ओसरलं तेव्हा खोत म्हणाले, "कोट काढ, झाडून बघू." कोट काढला तर चोरखिसा दिसणार. तो रिकामा असला तरी असा खिसा बाळगणाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार? आणि काढला नाही तरी चोरच. त्यांनी काढला नाही. 'खिसा मी शिवलाय, खेळासाठी आहे,' एवढं मी बोलायला हवं होतं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, मी पदर सावरून दाराआड सरले. शेवटी सगळे तसेच उठून गावदेवीच्या देवळात गेले. नारळावर हात ठेवून भावजी म्हणाले, "अंगठी माझ्याकडे नाही." आमच्याकडे या शपथेपुढे बोलणं संपतं. बोलणं संपलं, संशय नाही.

खेळ थांबले. ते वाटेत दिसले की बायका बांगड्या पदराखाली घेत. मुंबईहून मित्र बोलवत होते. "गेलो तर अंगठी घेऊन पळाला म्हणतील," असं म्हणून राहिले, आणि राहिले म्हणून रोज तेच डोळे सोसत बसले. आम्ही रत्नागिरीत बिऱ्हाड केलं. कोट मात्र त्यांच्या खुंटीवर तसाच. एकदा मी तो धुवायला मागितला. "राहू दे, वहिनी," ते इतक्या पटकन म्हणाले की मी दुखावले. वाटलं, माझ्यावर राग आहे. विचारायचं धाडस झालं नाही...

तेराव्यानंतर घर आवरताना मी तो कोट खाली काढला. चोरखिशाचा तळ दोन बोटं उसवला होता. मुंजीच्या सकाळी तो जरा फाटलेला दिसला म्हणून मी घाईघाईत घातलेले टाके! खाली काठाशी, अस्तरात काहीतरी कडक हाताला लागलं. त्याच्याभोवती जाड पांढऱ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते, शिवण कधी न केलेल्या हाताचे. मी ते उसवले. आत काकूंची अंगठी.

म्हणजे शपथ घेऊन घरी आल्यावर ती त्यांना सापडली होती. परत द्यावी, तर देवीपुढे खोटं बोललेला चोर. खरं सांगावं, तर तांडेलाला दिलेला शब्द मोडला, आणि टाका कुणाचा म्हणून गावाचं बोट माझ्याकडे. त्यांनी ती तिथंच शिवून टाकली आणि इतकी वर्षं त्या खुंटीखाली झोपले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तांडेलाचं गुपित मी आज फोडते आहे, भावजींनी क्षमा करावी. खोतीणकाकू फार थकल्या आहेत. परवा मी अंगठी त्यांच्या हातात ठेवली आणि टाका माझा होता, हे घरातल्या सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांनी अंगठी डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मग म्हणाल्या, "काढली हो शेवटी दत्तूने."

कोट आता माझ्याकडे असतो. चोरखिसा मी पुन्हा शिवला आहे, दुहेरी टाक्याने, अजिबात घाई न करता.