काजू फोडणारे हात

काल मुलीच्या शब्दकोशात वाचलं. इंग्रजीतला ‘कॅश्यू’ पोर्तुगीजांच्या ‘काजू’वरून आला आणि त्यांनी तो ब्राझीलच्या मूळ रहिवाशांकडून घेतला. मी शब्दकोश आपटूनच मिटला.

मी दहा वर्षांची होते. प्रवेशाच्या मुलाखतीसाठी आई मला घेऊन विजयदुर्गहून एसटीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत आली होती. साडी धुतलेली होती, पण बोटं काजूच्या टरफलातल्या तेलाने काळी पडलेली, आणि त्यांना तोच उग्र वास.

“काय काम करता?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“काजू फोडूक जातंय, सायबानू.”

“कॅश्यू म्हणा बाई, कॅश्यू! मुलीला इंग्रजीत घालताय ना?” ते हसले, त्यांचा कारकूनही हसला.

“तिका शिकवा तुमी. माका काजूच बरो,” आई शांतपणे म्हणाली.

मी तिचा हात टेबलावरून खाली ओढला आणि त्यांच्याबरोबर हसले.

प्रवेश मिळाला. आई आता नाही. शब्द तिचाच मुळाला जवळचा होता, हे त्या माणसाच्या तोंडावर सांगायची माझी आजही तयारी आहे. पण ते हात कशाने काळे झालेत, हे त्या खोलीत हसणाऱ्यांपैकी फक्त मलाच ठाऊक होतं.