नाडी ताळ्यावर आली

बाबांची नाडी रोज सकाळी मी मोजायची. मी शाळेत शिक्षिका, सेकंदकाट्याचं घड्याळ घरात माझ्याच मनगटावर. धंतोलीतल्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं होतं. वरचा डावा कप्पा, त्यात फुप्फुसांकडून येणाऱ्या चार नळ्या. तो कप्पा ताणून मोठा झालाय, नुसता थरथरतो, म्हणून नाडी कशीही पडते, म्हणाले. आता म्हणे मांडीतून तार घालून त्याच नळ्यांच्या तोंडाशी डाग देतात. सत्तरच्या दशकात आमच्याकडे होती ती एक बारीक पांढरी गोळी. नाडी साठच्या खाली गेली तर द्यायची नाही, एवढं मला पाठ.

त्या चैत्रात बाबांचं जेवण तुटलं. घास तोंडाशी नेला की मळमळ. उन्हानं होतं, असं आई म्हणाली आणि आम्ही पन्हं पाजत राहिलो. तशात गांधीबागेतल्या आमच्या कापडाच्या दुकानातून बाबांनी धोतरांचा अख्खा गठ्ठा परत पाठवला. माल पिवळा पडलाय म्हणे. मला तर पांढराशुभ्र दिसला. पण चाळीस वर्षं कापड हाताळलेल्या माणसाशी रंगावरून कोण हुज्जत घालणार? डोळे फुटले होते आमचे, दुसरं काय!

आठवड्याभरात नाडी सरळ झाली. बासष्ट, एकसारखी, एकही ठोका इकडेतिकडे नाही. मी दोनदा मोजली. वेड्यासारखा आनंद झाला मला. आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबा मात्र भिंतीकडे बघत म्हणाले, "मले काही बरं नाही वाटून राहिलं वं."

मी त्यांना चक्क रागावले. नाडी चांगली असताना हे रडगाणं कशाला, म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते न्हाणीच्या दारात कोसळले. शेजाऱ्यांच्या मोटारीतून धंतोलीला नेलं. मी डॉक्टरांना तोऱ्यात सांगितलं, नाडी तर तीन दिवस अगदी एकसारखी आहे. त्यांचा चेहरा उतरला.

"पिवळं दिसतं म्हणत होते का?" त्यांनी विचारलं.

मग सावकाश समजावलं. ही गोळी चालू असताना थरथरत्या कप्प्याची नाडी अशी आपसूक एकसारखी झाली, की गोळी अंगात साचून विष झाल्याचा संशय घ्यायचा. जेवण तुटलं तेव्हाच ती थांबवायला हवी होती. हे आपणच तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, असंही ते म्हणाले.

बाबा संध्याकाळी गेले. त्या सकाळी ते गोळी नको म्हणत होते. मी हनुवटी धरून, लहान मुलाला भरवावं तशी, ती त्यांच्या तोंडात घातली होती.