कानवाल्यांचा दांडका

वीजघरात त्यांना सगळे कानवाले म्हणत. चौतीस वर्षं त्यांचं काम एकच. लाकडी दांडक्याचं एक टोक यंत्राला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि आतलं बेअरिंग सुखात आहे की कुरकुरतंय ते सांगायचं. घरी मात्र बायकोचं एक वाक्य धड त्यांच्या कानात शिरत नसे. ती काहीही बोलली तरी यांचं उत्तर ठरलेलं, "हो." नळ गळतोय? "हो." भिंतीला कुठला रंग लावू? "हो." हा माणूस बहिरा आहे की आपल्याला मोजतच नाही, हे कोडं तिला कित्येक वर्षं छळत होतं. विचारून तरी काय उपयोग? उत्तर "हो"च आलं असतं.

पुढे वीजघर बंद पडलं, नदीकाठच्या त्या जागेची बाग झाली आणि वीजघराचं संग्रहालय. ज्या दाराच्या आत घरच्यांना कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं, ते सगळ्यांना उघडं झालं. मग तिला कुठला धीर! नवऱ्याला जवळजवळ ओढतच ती घेऊन गेली. यांनी सगळं लक्ष कुणावर उधळलं, ते तिला एकदा बघायचंच होतं.

आत तीन यंत्रं रंगरंगोटी करून गप्प बसवलेली. चौथं, सगळ्यात धाकटं, लोकांना दाखवायला अजून फिरत होतं. पाणी येतं कुठून, जातं कुठे, एवढं धूड पुसायचं कोण, असं विचारून विचारून तिने माहिती सांगणाऱ्या मुलीला भंडावून सोडलं. तेवढ्यात तिला फळीवर एक दांडका दिसला. खाली चिठ्ठी होती, 'लाकडी दांडका. उपयोग माहीत नाही.'

"अरे, हा तर माझा!" कानवाले म्हणाले. मुलीने कौतुकाने तो काढून दिला. त्यांनी टोक रुमालाने पुसलं, पण कानाला लावलं नाही. सरळ दातात धरलं, दुसरं टोक यंत्राला टेकवलं आणि डोळे मिटले.

"दातात का?" ती त्यांच्या कानाशी ओरडली.

त्यांनी दांडका काढला. "शेवटची बारा वर्षं कान नव्हतेच गं. दातांनी ऐकायचो. सांगितलं असतं तर यंत्रापासून उठवलं असतं मला. म्हणून कुणालाच नाही बोललो. तुलासुद्धा नाही."

तिला राग आला, चांगलाच आला. आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. म्हणजे यांनी आपल्याला टाळलं नव्हतं.

तिने दांडक्याचं एक टोक पुन्हा त्यांच्या दातात दिलं, दुसरं स्वतःच्या गळ्याला घट्ट टेकवलं आणि हळूच म्हणाली, "ठोंब्या."

कानवाल्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी दांडका काढला. "हे असं तू मला म्हणायचीस?"

तिने मान हलवली आणि पुन्हा दांडक्यातून सांगितलं, "रोज."

"आणि मी काय म्हणायचो?"

"हो म्हणायचात."