चालू स्थितीतला वारसा

"सार, तास चालू आहे. मुलं उठल्यावर काढा," स्टेला टीचर म्हणाल्या.

मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि मागच्या बाकावर बसलो. एग्मोर स्टेशनजवळच्या गल्लीतली ही कर्णबधिर मुलांची शाळा. मी एका कंपनीचा सर्व्हिस मॅनेजर. मूळचा सांगलीचा, पण निम्मं आयुष्य चेन्नईत गेलेलं. आमच्या कंपनीचे संस्थापक सेतूराव सर वारले त्याला वर्ष होत आलं होतं. नव्या ऑफिसच्या लॉबीत त्यांचं स्मारक करायचं ठरलं होतं. त्यासाठी त्यांनी बनवलेलं पहिलं मशीन हवं होतं. ते या शाळेत होतं आणि रोज वापरात होतं.

मशीन म्हणजे ग्रुप हिअरिंग एड. बहिऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या पुष्कळ मुलांना थोडंफार ऐकू येत असतं. शिक्षिका माइकमध्ये बोलते, अ‍ॅम्प्लिफायर तो आवाज खूप मोठा करतो आणि वायरींतून तो प्रत्येक बाकावरच्या हेडफोनमध्ये जातो. बाकावर आवाज कमीजास्त करायची दोन बटणं, एक डाव्या कानाचं, एक उजव्याचं. दोन्ही कान सारखे बहिरे नसतात, हे सेतूराव सर याच वर्गात बसून शिकले होते. पुढे कंपनी सॉफ्टवेअरमध्ये गेली, गब्बर झाली. तरी दर वर्षी शाळा उघडायच्या आधी मशीन तपासायला ते मला इथे पाठवायचेच.

ते तंजावरच्या मराठी घराण्यातले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धडा दिला होता, "वायर कापायाच्या अगोदर दुसऱ्या टोकास कोण आहे तें जाऊन पाहून ये. अस्की टोकं पाहून ये." अस्की म्हणजे सगळी.

त्यांचा मुलगा विजय आता एमडी होता. मी त्याला आधीच सांगून पाहिलं होतं.

"सर, हुबेहूब डबा बनवून देतो. खरं मशीन शाळेतच राहू दे."

"नाही पाटणकर. ओरिजिनल पाहिजे, आणि वर्किंग. लोक हेडफोन लावून अप्पांचं भाषण ऐकतील. शाळेला आपण कॉम्प्युटर देतोय ना?"

"कॉम्प्युटरने ऐकू कसं येणार?"

"स्क्रीन आहे. बघतील."

"फंक्शन झाल्यावर तरी परत नेऊ?"

"बघू."

त्या 'बघू'च्या जोरावर मी स्टेला टीचरना मशीन परत आणायचा शब्द दिला होता.

तास संपला. मी स्विच बंद केला. बाकीची मुलं डबा खायला पळाली. पहिल्या बाकावरची एक मुलगी मागे राहिली होती. तिने हेडफोन काढला, उलटसुलट करून पाहिला, पुन्हा कानाला लावला आणि दोन्ही बटणं शेवटपर्यंत फिरवली. टीचरनी तिला हाताला धरून बाहेर नेलं. मी मशीन टेम्पोत चढवलं.

लॉबीत काचेची पेटी तयार होती. वर सरांचा फोटो, त्याला चंदनाचा हार, खाली ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं, 'तंत्रज्ञान शेवटच्या माणसासाठी'. रंगीत तालमीला विजयने हेडफोन लावला आणि लगेच उपटून काढला.

"काय हे! कान फुटतील!"

"सर, ते बहिऱ्या मुलांसाठी आहे. आवाज कमी करायची बटणं शाळेतल्या बाकांवर राहिली."

"मग कमी करा. इथे कोण बहिरं येणार आहे?"

उत्तर जिभेवर आलं होतं. पगारदार माणसाने गिळायचं असतं, मीही गिळलं.

"आतला अ‍ॅम्प्लिफायरच बदलावा लागेल," मी म्हणालो. "मग ओरिजिनल राहणार नाही."

"डबा ओरिजिनल आहे ना? बदला."

"आणि आतला जुना?"

"टाकून द्या."

"शाळेत नेऊ?"

"न्या. फंक्शनला लेट नको, बस्."

खरं सांगतो, त्या दिवशी मला आनंदाने हसू आवरेना. मशीनचा जीव त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होता, आणि मालकाने तो आपल्या तोंडाने मला देऊन टाकला होता. डब्यात मी बाजारातला किरकोळ अ‍ॅम्प्लिफायर बसवला. फंक्शनला पाहुण्यांनी हेडफोन लावून माना डोलावल्या. पेटीवर पाटी होती, 'संस्थापकांचे पहिले मशीन. अजूनही चालू स्थितीत.' मी सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, खाल्लं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायर मांडीवर घेऊन ऑटोने शाळेत गेलो. वर्गाच्या दारावर पितळी फलक होता, 'सेतूराव स्मृती संगणक कक्ष'. आत बाक नव्हते. नवी टेबलं, नवे कॉम्प्युटर, गारेगार एसी. बाकांच्या वायरी मुळापासून कापून व्हरांड्याच्या कोपऱ्यात टाकल्या होत्या.

"तुमच्याच कंपनीचा इंटिरियरवाला आला होता, सार," स्टेला टीचर म्हणाल्या. "मी म्हटलं, मशीन परत येणार आहे. त्याने ऑफिसला फोन लावला. तिकडून सांगितलं, असं काही ठरलेलं नाही."

मी तिथूनच विजयला फोन केला. पुन्हा वायरिंग करायची परवानगी मागितली.

"पाटणकर, त्या रूमचा फोटो ब्रोशरमध्ये गेलाय. आता भिंती फोडायच्या? इमोशनल होऊ नका."

मी अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर ठेवला. टीचर रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फलकाकडे बघत होत्या.

"मोठ्या सारांचं नाव छान कोरलंय," त्या म्हणाल्या. "ऐकू नाही आलं तरी मुलांना वाचता येतं."

आता मी रिटायर झालो. तो अ‍ॅम्प्लिफायर टीचरांच्या कपाटात आहे. जून महिन्यात मी जातो, प्लग लावतो. त्याचा लाल दिवा अजून लागतो. पुसून परत ठेवतो.

दुसऱ्या टोकाला कोण आहे ते पाहून ये, असं सेतूराव सर म्हणाले होते. मी पाहून आलो होतो. वर जाऊन सांगितलंही होतं. वरच्याला ऐकूच येत नसेल तर काय करायचं, हे मात्र त्यांनी शिकवलं नव्हतं.