दहा ते सहा, विसरणाऱ्यांसोबत

आमच्याकडे येणारे सगळे विसरतात, त्यामुळे लक्षात ठेवायचं काम माझ्यावर पडलंय. मानपाड्याला डिमेन्शिया झालेल्या आजी-आजोबांचं डे-केअर आहे, तिथे मी आठ वर्षं मदतनीस आहे. इतकं साठलंय, की घरी कुणी 'आज काय झालं?' विचारलं की मी 'काही नाही' म्हणून मोकळी होते.

*

दातार सर गणित शिकवायचे. अजूनही रोज हजेरी घेतात, प्रत्येकाच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून. एकदा स्वतःचीच वाचली. "दातार!" कुणी बोलेना. दोनदा हाक मारून मला म्हणाले, "बाई, गैरहजर लिहा!"

*

एका आजोबांना हयातीच्या दाखल्यासाठी मुलगा कल्याणच्या बँकेत घेऊन गेला. क्लार्कने विचारलं, "तुम्हीच वामन साने ना?"

आजोबा नम्रपणे म्हणाले, "खात्रीने सांगता येत नाही. तुमच्याकडे काय लिहिलंय?"

*

नवीन डॉक्टरांनी म्हात्रे आजींना विचारलं, "आजी, आत्ता आपण कुठे आहोत?"

"माजे शेतान!"

डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं. तेवढ्यात आजींचा मुलगा म्हणाला, "खोडा ते. ही बिल्डिंग आमच्याच शेतावर उभी आहे."

*

काळे आजी मला शोभा म्हणतात. शोभा त्यांची मुलगी, आता या जगात नाही. आधी मी सांगायचे, "आजी, मी मनीषा." मग त्या रडायच्या. आता मी 'ओ' देते.

परवा घरी नवरा हाका मारतोय, मनीषा, मनीषा! माझं लक्षच नाही. शेवटी समोर येऊन उभा राहिला, "अगं, तुलाच!"

मी म्हटलं, "शोभा म्हणून बघ, पटकन येईन."

तो हसला. मला काही हसू आलं नाही.

*

लेले काका सहा वाजता बायकोबरोबर घरी जायला तयार नसत. "या परक्या बाईंबरोबर मी का जाऊ?" काकू रोज समजावायच्या. लग्नाचा फोटोही दाखवून झाला.

एके दिवशी काकू दमून त्यांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला एकटीला रिक्षाने जायची भीती वाटते. घरापर्यंत सोडाल का?"

काका ताडकन उठले. "अवश्य!"

तेव्हापासून ते रोज त्यांना सोडायला जातात. पहिल्या दिवशी दारात काय झालं, ते काकूंनी मला नंतर सांगितलं. त्यांनी कुलूप उघडलं, तर काका चप्पल न काढता बाहेरच उभे.

"तुम्ही एकट्याच राहता?"

"हो," काकू म्हणाल्या. "दोन वर्षं झाली."

काकांनी जरा विचार केला. मग चप्पल काढली.

"मग मी बसतो थोडा वेळ."