उजव्या खिशातली बॅटरी

पँटला उजवा खिसा उरलाच नव्हता. खिशाच्या जागी हात आरपार जाईल एवढं भोक होतं. कडा काळ्या आणि कडक. भोकाखालचं कापड मांडीपर्यंत तपकिरी पडलेलं.

"काकू, शनिवारपर्यंत होईल का?" निखिलने विचारलं.

मी कापड नाकाजवळ नेलं. जळक्या प्लॅस्टिकचा वास, आणि त्यात आंब्याचा.

"कशाने झालं?"

"कॉफी सांडली."

मी भोकाची कड बोटाने चाचपली. तसंही मी फार बोलत नाही. गप्प राहिलं की गिऱ्हाईक थोड्या वेळाने आपणहून दुसरं उत्तर देतं.

"म्हणजे, घरी तसं सांगितलंय," निखिल म्हणाला.

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत फ्राउ केलर नावाच्या बाईंची राइनिगुंग आहे, म्हणजे कपडे ड्रायक्लीन करण्याचं दुकान. तिथे मागच्या बाजूला खिडकीपाशी माझं मशीन असतं. चेन बदलणं, पँट आखूड करणं, रफू, ही माझी कामं. माझा नवरा इथल्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये कूक आहे, त्याच्यामुळे मी इथे आले. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. तोंडाने सांगायला गेले की निम्मं आतच राहतं, म्हणून ही हकीकत लिहून ठेवते.

निखिल पुण्याचा. गाड्यांच्या बॅटऱ्या तपासणाऱ्या कंपनीत इंजिनियर. त्याची बायको मृणाल माझ्याकडून ब्लाउज शिवून घेते. त्यांची मुलगी ओवी शनिवारी वर्षाची होणार होती. वाढदिवसाला निखिलने लग्नातला सूट घालायचा असं मृणालने ठरवलं होतं, आणि लग्नातल्या सुटाची पँट ही अशी माझ्या हातात होती.

"ई-सिगरेट," शेवटी तो म्हणाला. "तिची स्पेअर बॅटरी खिशात होती. आणि घराची किल्ली."

मला ई-सिगरेट म्हणजे काय तेच नीट माहीत नव्हतं. दुकानासमोरच्या स्टॉपवर पोरं तोंडातून वाफेचे ढग सोडतात, एवढंच पाहिलेलं. निखिलने मला समजावून सांगितलं, आणि फार छान सांगितलं. त्या नळीत बारीक तार असते. बॅटरीने ती तापते आणि वासाच्या पाण्याची वाफ करते. त्याच्या नळीतली बॅटरी बोटाएवढी, काढून बदलता येणारी. बॅटरीचं वरचं टोक प्लस. बाकी सगळं अंग मायनस, पण त्यावर प्लॅस्टिकचं पातळ वेष्टण असतं म्हणून ते कळत नाही. वेष्टण फाटलं आणि किल्ली एकाच वेळी टोकाला आणि अंगाला टेकली, की सगळा करंट किल्लीतून धावतो. बॅटरी तापते, फुसफुसते, मग आग.

"ट्राममध्ये झालं," तो म्हणाला. "ट्रामच्या दारातच पँट काढली."

"लोक?"

"एका आजींनी मला उभं राहायला जागा करून दिली. बाकी कोणी काही बोललं नाही."

"भाजलं का?"

"मांडीला फोड आलाय. कॉफी खूप गरम होती असं सांगितलंय."

कॉफीने बरीच कामं केली होती.

"पण ऑफिसला सूट का घातला होता?"

"प्रेझेंटेशन होतं. बॅटरी सेफ्टीवर."

फ्राउ केलर पुढच्या काउंटरवरून ऐकत होत्या. मराठी त्यांना कळत नाही, पण पँटचं भोक कोणत्याही भाषेत भोकच असतं. त्यांनी विचारलं, तेव्हा निखिलने तीच सगळी माहिती जर्मनमध्ये पुन्हा दिली. फाटक्या वेष्टणाची बॅटरी वापरायची नाही. सुटी बॅटरी खिशात टाकायची नाही. तिला तिची स्वतःची बंद डबी हवी. चार्जर तिच्यासाठीचाच हवा, मोबाइलचा फास्ट चार्जर नको. चार्जिंग डोळ्यांसमोर करायचं. गादीवर, सोफ्यावर, झोपण्याच्या खोलीत करायचं नाही. संपलेली बॅटरी केरात नाही, सुपरमार्केटातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या खोक्यात टाकायची, टोकांना चिकटपट्टी लावून.

"गेनाऊ," फ्राउ केलर प्रत्येक वाक्याला म्हणत होत्या. अगदी बरोबर. नियम ऐकले की त्यांचा चेहरा खुलतो.

जाताना निखिल माझ्याकडे वळला. "काकू, एक करता येईल? आतून एक छोटा जाड खिसा. जीन्सच्या कापडाचा. फक्त बॅटरीसाठी."

"सोडली नाही का तुम्ही? मृणालताई म्हणत होत्या, ओवी झाली तेव्हाच सोडली."

"सोडली ना. घरी सोडली."

मी म्हटलं, खिसा शेवटी कापडाचाच असतो. तो हसला. सूट ठेवून गेला.

पँटचं काम वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. खिशाचं अस्तर पॉलिस्टरचं होतं. सुती कापड जळतं आणि राख होतं. पॉलिस्टर वितळतं आणि चिकटतं, कापडालाही आणि कातडीलाही. वितळलेले गोळे मी ब्लेडने खरवडून काढले. पँटच्या खालच्या दुमडीत शिंप्याने भरपूर कापड सोडलेलं होतं, त्यातून ठिगळ काढलं, आतून बसवलं आणि खिशाला नवं सुती अस्तर शिवलं. दिसू नये म्हणून त्याच कापडाचे धागे उसवून रफू केलं. उजेडात धरलं तरच कळत होतं. वाढदिवसाला कोणी मुलीच्या बापाची पँट उजेडात धरत नाही.

कोट फ्राउ केलरकडे धुवायला गेला. धुण्याआधी खिसे तपासायचे हा त्यांचा नियम. कोटाच्या आतल्या खिशात अजून एक बॅटरी निघाली. वेष्टण एका कडेला सोललेलं. इतकं सगळं समजावून सांगणारा माणूस ती तिथेच विसरून गेला होता.

"याला बंद डबा हवा," फ्राउ केलर म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं." आणि त्यांनी आमचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.

हा डबा म्हणजे दुकानाचा कायदा आहे. गिऱ्हाइकाच्या खिशात जे सापडेल ते त्या डब्यात, सुटाच्या नंबरची चिठ्ठी चिकटवून. दुसऱ्याची वस्तू टाकायची नाही, मग ती काहीही असो. त्यात किल्ल्या होत्या, नाणी होती, शर्टाच्या कॉलरमध्ये घालायच्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या, कुणाचं तरी कानातलं होतं. बॅटरीला नंबर चिकटवून त्यांनी ती सगळ्यात वर ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

"पत्रा जळत नाही," त्या म्हणाल्या.

मलाही ते पटलं. डबा हवा होता, डबा मिळाला. डब्यात आधी काय भरलंय याचा विचार दोघींपैकी कुणाच्याच डोक्यात आला नाही.

शुक्रवारी दुपारी मृणाल आली. निखिलची मीटिंग लांबली होती, म्हणून सूट न्यायला तीच आली, ओवीला बाबागाडीत घेऊन. गाडी तिने काउंटरला लावून उभी केली. ओवी पायातला मोजा ओढून काढण्यात गुंतली होती.

"काकू, डाग गेला ना कॉफीचा?"

"गेला," मी म्हटलं. खोटं नव्हतं. कॉफीचा डाग नव्हताच.

फ्राउ केलरनी सूट आणून टांगला. मग त्यांना आठवलं, या नंबरची एक वस्तू डब्यात आहे. त्यांनी डबा खाली काढला. चिठ्ठी वर दिसेना, तेव्हा सवयीप्रमाणे डबा चांगला हलवला. पुन्हा झाकण काढून पाहिलं. पुन्हा हलवला. मग दारात दुसरं गिऱ्हाईक आलं, म्हणून डबा काउंटरवर ठेवून त्या तिकडे वळल्या.

डब्यातून आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा.

मला आधी वाटलं इस्त्रीची वाफ. मग काउंटरच्या लाकडाचा वास आला. डबा खालचं लाकूड भाजत होता, आणि त्याच्या अगदी खाली ओवीचं डोकं होतं.

"मृणालताई, गाडी बाहेर," मी म्हटलं. एवढ्या मोठ्याने मी जर्मनीत आल्यापासून बोलले नव्हते. मृणालने काही विचारलं नाही. गाडी ओढली आणि उलट्या पावलांनी दारातून बाहेर गेली, त्या नव्या गिऱ्हाइकाला सोबत ढकलत.

मी इस्त्रीची जाड गादी उचलली, तिच्यात डबा धरला आणि मागच्या दारातून अंगणातल्या फरशीवर फेकला. झाकण उडालं. एक जाळ उठला, किल्ल्या आणि नाणी चहूकडे गेली, आणि पांढरा धूर भिंतीवर चढत राहिला.

फायर ब्रिगेडवाले आले. त्यांच्यातल्या एका उंच माणसाने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं शाबासकी देईल. तो म्हणाला, "पुढच्या वेळी हात लावू नका. सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार बंद करायचं आणि आम्हाला फोन करायचा. हातात फुटली असती. तो धूरही विषारी असतो." मी मान हलवली. इस्त्रीची गादी मधोमध काळी झाली होती.

एवढ्यात मीटिंग संपवून निखिल धावत आला. फुटपाथवर मृणाल ओवीला कडेवर घेऊन उभी होती. ओवीच्या एका पायात मोजा नव्हता.

फ्राउ केलर नियमाच्या पक्क्या. फायर ब्रिगेडने बादलीत बुडवून थंड केलेलं ते काळं नळकांडं त्यांनी लांबून दाखवलं आणि मृणालला म्हणाल्या, "तर, हे तुमच्या सुटाचं आहे. आतल्या खिशातलं."

मृणालने निखिलकडे बघितलं.

"कॉफी," ती म्हणाली.

"ऐक ना. त्याचं काय होतं, वेष्टण फाटलं की प्लस आणि मायनस..."

"मला सर्किट शिकवू नकोस. सोडली होतीस ना?"

"जवळजवळ."

"आज ही इथे होती. त्याआधी कोटात होती. मग घरी कुठे असते?"

मला त्या दिवशी सांगितलेलं सगळं निखिलला पाठ होतं. या प्रश्नाचं उत्तरही होतंच.

"चार्ज कुठे करतोस, निखिल?"

"ओवीच्या खोलीत," तो म्हणाला. "डायपरच्या गठ्ठ्यामागे. तिथे तू बघत नाहीस म्हणून."

"कशावर?"

"मोबाइलच्या चार्जरवर."

"कधी?"

"ती झोपली की."

मृणाल ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तिने ओवीला गाडीत ठेवलं, मोजा शोधला, घातला. मग म्हणाली, "तू आता घरी जा. ती खोली रिकामी कर. चार्जर, बॅटऱ्या, नळ्या, सगळं. मी ओवीला घेऊन येईन तेव्हा तिथे फक्त डायपर दिसले पाहिजेत."

तो वळला. स्टॉपपर्यंत गेला आणि परत आला. त्याने अंगातल्या जॅकेटच्या खिशातून नळी काढली, आतली बॅटरी काढली आणि फ्राउ केलरकडे चिकटपट्टी मागितली. दोन्ही टोकं गुंडाळून तो सुपरमार्केटच्या बाजूला चालायला लागला. करायचं कसं ते त्याला कायमच माहीत होतं.

शनिवारी वाढदिवस झाला. त्याने तो सूट घातला. रफू कुणाला दिसलं नाही.

फ्राउ केलरनी नवा डबा आणला, आतून कप्पे असलेला. काउंटरवर पाटी लावली की ई-सिगरेटी आणि बॅटऱ्या असलेले कपडे घेतले जाणार नाहीत. ती पाटी बरोबर जळलेल्या जागेवर ठेवलीय, त्यामुळे काउंटर दुरुस्त करायची गरज उरली नाही.

नंतरच्या आठवड्यात मृणाल ती पँट परत घेऊन आली. मागे निखिल, बाबागाडी ढकलत.

"काही उसवलं का?" मी विचारलं.

"नाही. उजवा खिसा शिवून बंद करायचाय. घरी अजून ऑफिसच्या पँटी आहेत, त्याही आणते."

मी निखिलकडे बघितलं. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "काकू, किल्ली तरी मावेल एवढी जागा ठेवा."

"किल्ली हातात धर," मृणाल म्हणाली.

मी पँट मशीनखाली घेतली आणि टाका सगळ्यात बारीक केला. बारीक टाका उसवायला फार वेळ लागतो, आणि ब्लेडशिवाय तो उसवत नाही.