उशिरा औषध दिलेले उंदीर

"आक्के, पेपरात आलंय की! तुझ्या उंदरांचा क्यान्सर पसरायचा थांबला म्हनं. मग मी काय उंदरापरीस हलका हाय व्हय?"

डेल्फियाचा धाकटा भाऊ आर्व्हिल केंटकीच्या डोंगरातनं फोनवर बोलत होता. डेल्फिया लेक्सिंग्टनला, संशोधनाच्या उंदीरघरात. पिंजरे बदलायचे, मेलेले मोजायचे, एकोणीस वर्षं हेच. शाळा आठवीपर्यंतच झाली, पण डॉक्टरांचं ऐकून ऐकून तिला उमगलं होतं, की गाठ गप बसत नाही. ती प्रथिनांकरवी निरोप धाडते. निरोप पोचला की आसपासच्या पेशी वाट करून देतात, आणि गाठीतलं बी रक्तातनं जाऊन दुसरीकडं रुजतं. नवं औषध तो निरोपच अडवायचं.

"डाक्टर म्हनला, सही कर, नव्या औषधाच्या चाचनीत घेतो. तीन म्हैने शहरात ऱ्हावं लागंल. बायको बी संगं येनार, कुत्री शेजाऱ्याला देऊन टाकतो."

"कुत्र्यांबिगर तू तीन दिस तरी ऱ्हाशील का रं?"

"मरन्यापरीस बरं."

पेपरवाल्यानं अर्धंच लिहिलं होतं. ज्या उंदरांना औषध लवकर, गाठ पसरायच्या आधी दिलं, त्यांची फुप्फुसं गुलाबी निघाली. उशिरा दिलेल्यांच्या फुप्फुसांवर मात्र मक्याच्या कण्या सांडाव्यात तसे गाठींचे पांढरे ठिपके. औषध न दिलेल्यांएवढेच. आणि आर्व्हिलची आतड्यातली गाठ जानेवारीतच यकृतात उतरली होती.

"आर्व्हिल, ते औषध निरोप अडिवतं. तुझं निरोप कवाच पोचल्यात, बाबा. उशिरा दिलेलं उंदीर म्या ह्या हातांनी उचलल्यात."

"एक बी जगला न्हाई?"

"एक बी न्हाई. पर मी उंदीरवाली बाई. डाक्टरला इचार."

"इचारलं. फायदा हुईल असं म्हनत न्हाई त्यो. म्हनलं, आक्का तरी हो म्हनंल."

"खोटं हो कसं म्हनू रं?"

"बरं," तो म्हणाला. "मग हितंच ऱ्हातो. रविवारी ये. घेवड्याचं कालवन कर, मक्याची भाकर कर. माज्या बायकोची भाकर म्हंजी निस्ती वीट."

"येते."

तिनं बाहीला नाक पुसलं. हातमोजे चढवले. पिंजऱ्यांच्या पाण्याच्या ऐंशी बाटल्या भरायच्या राहिल्या होत्या. नळ सोडून ती भरायला लागली.